इडलीपात्रातलं नाणं

आई, ते नाणं आज मी परत घरी आणलं. रुमालात गुंडाळून, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून, टाउन बसमधून. सगळी वाट पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि शेजारच्या बाईला वाटलं असावं की म्हातारीनं बँकेतून दागिने काढून आणलेत. आल्यावर हातपाय धुतले, मग नाण्याला चिंच लावून घासलं, कारण आज त्याला नको त्या लोकांचे हात लागले होते, आणि इडलीपात्राच्या तळाशी टाकलं. हळूच ठेवलं नाही, उंचावरून टाकलं, तू टाकायचीस तसं. पितळेवर जो आवाज झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या मुलीनं वर येऊन विचारलं, काही पडलं का. म्हटलं, पडलं नाही, जिंकलं. तिला काही कळलं नाही. तुला कळेल म्हणून लिहायला बसले आहे. आता माझ्या घरात ही लिपी वाचणारं माझ्याखेरीज कुणी नाही. माझ्या लेकीला आपली मराठी समजते, बोलता अर्धीच येते, आणि वाचता मुळीच येत नाही. मला कॉन्व्हेंटात इंग्रजी मिळालं, गल्लीत तमिळ मिळालं, आणि ही अक्षरं तू दिलीस, उंबऱ्यापाशी कोलमची रांगोळी काढायच्या पिठात बोट धरून गिरवून घेतलीस आणि झाल्यावर हातानं पुसून टाकलीस, घरात कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून.

आठवतं मला ते स्वयंपाकघर. मागच्या अंगणात उघडणारं दार, चुलीच्या धुरानं काळी झालेली भिंत, आणि तुझं ते आतून कल्हई केलेलं पितळेचं इडलीपात्र. तू आंघोळ करून देवघरात जायचीस आणि मला उंबऱ्यावर बसवायचीस. काम एकच. तळाच्या पाण्याला उकळी फुटली की नाणं टकटक वाजायला लागतं. ते वाजतंय तोवर पाणी आहे, थांबलं की पाणी संपलं, पळत जाऊन झाकण काढायचं. मी मांडीवर वही घेऊन बसलेली, तोंडानं शाळेची इंग्रजी प्रार्थना पाठ करणारी, आणि तू आतून मधूनमधून विचारतेस, "वाजतंय का ग?" मी म्हणते, "वाजतंय." दिव्याला वात लावताना तू पुन्हा विचारतेस. मी पुन्हा सांगते. तुझा माझ्या कानांवर जेवढा भरवसा होता तेवढा पुढे माझ्या प्राचार्यांनाही माझ्या शिकवण्यावर वाटला नाही.

आणि तो शुक्रवारही आठवतो. तू मागच्या अंगणात बसून समया घासत होतीस, चिंचेनं आणि मग विटेच्या पुडीनं, आणि समयांबरोबर ते नाणंही, दर शुक्रवारी घासायचीस तसंच. आत्या लग्नानंतरही आपल्याच घरी राहायची, आणि त्या दिवशी तिच्या सासरची माणसं आली होती. आत्या पाहुण्यांना घर दाखवत दाखवत मागे आली, तुझ्या पुढ्यातलं नाणं उचलून तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाली की हे तंजावरच्या राजांनी आमच्या पणजोबांना दिलेलं. बंदरावरच्या गोऱ्या व्यापाऱ्यांकडून दरबारात आलेला चांदीचा रुपया, अप्पांच्या वडिलांच्या पेटीत होता, पेटीतून नाहीसा झाला, आणि बघा कुठे सापडला. रुपयाएवढंच होतं ते, तेवढंच जड. एका बाजूला कुणा बाईचा गाल, मान आणि केसांत खोवलेली चारदोन पानं एवढंच उरलं होतं, अक्षरं घासून गेली होती. मग ती तुझ्याकडे न बघता पाहुण्यांकडे बघत म्हणाली, "राजाचं देणं आमच्या सुनेनं उकळून घातलं."

तू समई खाली ठेवलीस. हात चिंचेनं माखलेले. म्हणालीस, "वन्सं, ते माझ्या माहेरचं आहे."

मग तू खरं ते सांगितलंस. तुझे वडील पापनाशमच्या स्टेशनात तिकिटं द्यायचे. उत्सवाच्या गर्दीत कुणीतरी ते परदेशी नाणं रुपया म्हणून त्यांच्या खिडकीत सरकवलं आणि त्यांनी बघितलंच नाही. रुपया त्यांच्या खिशातून गेला. तुझ्या आईनं चिडून ते इडलीपात्रात टाकलं, म्हणाली, नवऱ्याला फसवून आलंय, आता माझी चाकरी करू दे. तुझ्या लग्नात तिनं तेच तुझ्या पदराला बांधून दिलं, कारण नवी सून नव्या घरात पाणी आटल्याचं कुणाला विचारणार. पाहुणे हसले. आत्या म्हणाली, बरं रचलंय. अप्पा, तिचा भाऊ आणि तुझा नवरा, पुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसले होते, मागच्या दारातून दिसत होते, पान लावत होते. त्यांनी पान लावलं, खाल्लं, आणि दुसरं लावायला घेतलं.

मला तेव्हा जे वाटलं ते आजही तितकंच गरम आहे. खोटंच सांगायचं असतं तर तुला याहून चांगलं सांगता आलं नसतं का? आपला बाप तिकिटाच्या खिडकीत फसला, ही गोष्ट कोणती मुलगी सासरच्या पाहुण्यांसमोर रचून सांगेल? पण त्या घरात राजाच्या नावाला जितका मान होता त्याचा दहावा हिस्सा अकलेला नव्हता. त्या दिवसानंतर ‘उकळून घातलं’ हे घरात तुझ्यासाठी ठरूनच गेलं. दूध उतू गेलं तरी तेच, माझ्या शाळेची फी भरायची वेळ आली तरी तेच. चोरी हा शब्द कुणी उच्चारला नाही, आपण सभ्य माणसं. पण पेटीची किल्ली आत्याच्या कमरेला गेली ती तिच्या शेवटापर्यंत तिथेच राहिली. तू पुन्हा कधी काही बोलली नाहीस. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे नाणं पात्रात टाकलंस ते खांद्याइतक्या उंचीवरून. सगळं घर जागं झालं. त्यानंतर रोज तसंच. आत्याची झोपायची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आलं तेव्हा वर्गात शिकवताना मला हसू आवरेना.

आता आजचं सांगते. आत्याचा मुलगा, माझा आत्तेभाऊ, आता आपल्या लोकांच्या सभेचा मोठा माणूस झालाय. सभेनं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे, आपल्या जुन्या घराण्यांच्या वस्तू काचेच्या पेट्यांत मांडायच्या. तलवारी, पगड्या, तंजावरी चित्रं, कुणाची तरी हस्तिदंताची फणी. त्याला आपल्या घरातर्फे द्यायला काही सापडेना, कारण जे होतं ते त्यानंच केव्हाच विकलं. मग त्याला इडलीपात्र आठवलं. फोन आला. "अक्का, मामींचं ते नाणं प्रदर्शनात ठेवू ना? महिनाभर द्या." मी म्हटलं, सकाळी इडली कशी करू? त्याला वाटलं मी गंमत करते. त्याआधी चार दिवस तो येऊन गेला होता, नाण्याचा फोटो काढून चेन्नईच्या कुणा नाणी जमवणाऱ्याला पाठवला होता. त्या गृहस्थानं कळवलं, असं खरवडून घासलेलं, तोंड गेलेलं नाणं कुणी जमवणारा हातात धरणार नाही. भावाला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्याला मजकूर मिळाला. पेटीखाली लावायची पाटी त्यानं मला फोनवर वाचून दाखवली, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. राजांनी आमच्या पूर्वजांना दिलेला चांदीचा रुपया. पुढे, स्वयंपाकघरात अज्ञानामुळे वापरला गेल्यानं झिजलेला.

अज्ञानामुळे. आई, मी ते ऐकून फोन ठेवला, उठले, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच सगळी भांडी पुन्हा लावली. तुझं अज्ञान आता काचेखाली दोन भाषांत लागणार होतं, शाळांच्या सहली येऊन वाचणार होत्या. माझ्या लेकीला सांगितलं तर ती बंगळूरहून म्हणते, "अम्मा, त्याला किंमतच नाही म्हणतात तर ठेवायचं कशाला? देऊन टाक, विषय संपेल." तिचंही चुकलं नाही, तिनं आत्याला पाहिलेलं नाही. आणि खरंच मी दोन दिवस विचार करत होते. एक मन म्हणे, दे आणि मोकळी हो. दुसरं म्हणे, कावेरीत टाकून ये, म्हणजे त्यांच्याही हाती लागायला नको. ठेवण्यासारखं त्यात काय होतं ते मलाच सांगता येईना. तुझा शब्द खरा होता हे मला माहीत होतं, पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सिस्टर होती, पांढऱ्या झग्याचा घोळ सांभाळत अंगणातल्या वाळूतून लोहचुंबक ओढायची आणि त्याला चिकटलेले काळे कण आम्हाला दाखवायची. तिचं एकच म्हणणं, मला ऐकवू नका, दाखवा. पुढे भौतिकशास्त्र शिकवताना मीही पोरींना हेच ऐकवत आले. पण पापनाशमची खिडकी, ती गर्दी, तो फसलेला माणूस कुठून दाखवू?

तेवढ्यात लेकीनं पाठवलेली इंडक्शन शेगडी आली. गॅस सिलिंडर मी एकटीनं हलवू नये म्हणून. शेगडीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं, ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटेल तेच भांडं हिच्यावर चालेल. माझ्याकडे शिकवण्याच्या दिवसांतलं जुनं नालाच्या आकाराचं चुंबक आहे, लाल रंगाचं. ते घेऊन मी एकेका भांड्यापाशी गेले. स्टीलचा एक डबा चिकटला, एक चिकटला नाही. कढई चिकटली. इडलीपात्राला बाहेरून लावलं, काही नाही, पितळ ते. म्हटलं तळ तरी बघावा, म्हणून आत हात घातला, आणि तळाशी पडलेल्या नाण्यानं उडी मारली. टक. चुंबकाला येऊन चिकटलं.

मी तशीच उभी राहिले. मग ओढून काढलं, पुन्हा जवळ नेलं, पुन्हा चिकटलं. आई, चांदीला चुंबक धरत नाही. सोन्याला नाही, तांब्याला नाही, आणि चांदीला तर नाहीच. लोखंड म्हणावं तर इतक्या वर्षांच्या वाफेत गंजून चाळणी झालं असतं. म्हणजे निकेल. आणि आपले राजे होते तेव्हा जगाच्या पाठीवर कुणी निकेलचं नाणं पाडत नव्हतं, ती गोष्ट राजघराणं संपल्यानंतरची, आगगाड्या धावायला लागल्यावरची. स्टेशनं आणि तिकिटाच्या खिडक्या होत्या त्या काळातली. मी स्टुलावर बसले आणि एकटीच मोठ्यानं हसले. मुलींना हीच गोष्ट वर्षानुवर्षं शिकवत होते, आणि आमच्या घरातला सगळ्यात जुना तंटा पाण्याच्या तळाशी उकळत पडला होता.

फोनवर मी भावाला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, घेऊन येते. आज गेले. किल्ल्याच्या आतलं आपलं तेच जुनं घर, आता त्याचं, दिवाणखान्यात आत्याचा हार घातलेला फोटो, खाली सभेचे दोन वयस्क गृहस्थ बसलेले, पेटी आणि पाटी टेबलावर तयार. भावाची बायको खोलगट डबऱ्यात पेला ठेवून कॉफी घेऊन आली. भावानं विचारलं, "अक्का, आणलंत ना? घासलं नाहीत ना?"

"रोज घासते," मी म्हटलं. "इडली काय घाणेरड्या नाण्यावर उकडू?"

वयस्कांपैकी एक हसले. मी भावाला म्हटलं, पाटी वाच बाबा, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. त्यानं वाचली. अज्ञानामुळे हा शब्द वाचताना त्याचा आवाज जरा खाली आला, एवढं त्याच्यासाठी मी नोंदवून ठेवते. मग मी त्याच्या बायकोला सांगितलं, तुमच्या फ्रिजवर एखादं चुंबक असेल तर आण. माझं चुंबक मी मुद्दाम नेलं नव्हतं, उद्या म्हणाले असते की मास्तरीणबाईंनी काही करामत केली. तिनं आणलं ते आपल्या तलयाट्टी बाहुलीचं, ती मान डोलावणारी, मागे चुंबक लावून पर्यटकांना विकतात ती. मी नाणं टेबलावर ठेवलं आणि बाहुली वर धरली. नाणं उठून बाहुलीच्या पाठीला चिकटलं, आणि बाहुली मान डोलवत राहिली.

मग वयस्कांपैकी दुसऱ्यांनी विचारलं, म्हणजे काय. मी सांगितलं. वर्गात सांगायचे तसंच, खडूशिवाय. चांदीला चुंबक धरत नाही, हे निकेल आहे, राजांच्या वेळी असं नाणं नव्हतंच. भाऊ म्हणाला, "असं कसं होईल? आमची अम्मा खोटं बोलेल?" मी काही म्हणायच्या आत त्याची बायको आत गेली आणि देवघरातला चांदीचा करंडा घेऊन आली. कुंकू एका वाटीत काढून ठेवलं, करंडा पुसला, बाहुली त्याला लावली. सोडली. बाहुली खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली.

"धरत नाही हो," ती नवऱ्याला म्हणाली. "अक्का म्हणतात ते खरंय."

मला ती त्या क्षणी फार आवडली. त्या घरात सून म्हणून आलेली दुसरी बाई ती. तिनं करंड्यात कुंकू परत भरलं, एक बोट पुसलं, आणि आत्याच्या फोटोकडे जरा बघितलं.

भाऊ पाटीकडे बघत बसला. मग म्हणाला, मग राजांचा रुपया गेला कुठे? मी म्हटलं, "ते तुमच्या पेटीला विचार. किल्ली कुणाच्या कमरेला होती ते तुला ठाऊक आहे. माझ्या आईच्या इडलीपात्रात तो कधीच नव्हता." मी उठून जाणार होते. पण मग वाटलं, नाही. तू अंगणात, पाहुण्यांसमोर ऐकून घेतलंस, आणि याला मनातल्या मनात मान्य करून सुटायचं होतं. मी परत बसले. कॉफी हातात घेतली. म्हटलं, "तू एकदा म्हण. या दोघांसमोर. मग मी जाते."

त्याला कळलं काय म्हणायचं ते. तो वाईट माणूस नाही, आई, फक्त त्याला आयुष्यभर कुणी टोकलं नाही. त्यानं पाटी उलटी करून ठेवली आणि म्हणाला, "ते नाणं मामींचंच होतं. त्यांच्या माहेरचं. मामींनी आमच्या पेटीतलं काही घेतलं नव्हतं."

सभेच्या वयस्कांनी मान हलवली. बाहुलीही अजून हलवतच होती. मी कॉफी संपवली, एक थेंब ठेवला नाही. इतकी चांगली कॉफी त्या घरात मला कधी मिळाली नव्हती, की त्या घरात मी कधी इतक्या निवांतपणे प्यायलेच नव्हते, कोण जाणे.

निघताना भाऊ दारापर्यंत आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून म्हणाला, "मग आता त्याला काही किंमतच उरली नाही अक्का. टाकून द्याल?" मी म्हटलं, तुझ्या प्रदर्शनात ठेवायला ते नालायक ठरलं, म्हणूनच माझ्याकडे राहायला लायक झालं. राजाचं असतं तर तुमचं असतं. चांदीचं असतं तर तुझ्या हातून केव्हाच विकलं गेलं असतं. ते कुणालाही नको असलेलं, पापनाशमच्या खिडकीत एका भल्या माणसाला फसवून आलेलं, कुठल्या देशाचं तेही न सांगणारं नाणं आहे, आणि तीन स्वयंपाकघरांत त्यानं एकदाही इडली जळू दिली नाही. ठेवण्यासारखं आणखी काय असतं वस्तूत? लेकीला संध्याकाळी फोनवर हेच सांगितलं. तिनं विचारलं, मग ती शेगडी? म्हटलं, शेगडी खालच्या मुलीला दिली. पितळेचं पात्र तिच्यावर चालत नाही, आणि शेगडीसाठी मी पात्र बदलणार नाही.

आत्ता गॅसवर पात्र चढवलं आहे. शुक्रवार नाही, सणही नाही, रात्रीच्या जेवणाला इडली आणि मिळगापोडीची तिखट पूड, आज मला तीच खायची आहे. नाणं तळाशी आहे. लिहिता लिहिता मधेच उठून मी झाकणाच्या मुठीवर बोटं ठेवून येते. एवढं एक तुला सांगायचं राहिलं होतं, आणि ते लेकीलाही सांगितलेलं नाही, ती लगेच डॉक्टरांकडे नेईल. गेल्या पावसाळ्यापासून मला त्याचं वाजणं ऐकू येत नाही. एवढं मोठं पडलं की येतं, हे बारीक टकटकणं नाही. बोटांना मात्र अजून नीट कळतं, झाकणाखालून चिमणीनं चोच मारावी तसं. तू आतून विचारलंस तर मी वाजतंय असंच सांगेन.